सांदण दरी दोर लावून उतरायची आहे : गाइड कसा पारखायचा?

निवांत_नारायण
नमस्कार मंडळी. डिसेंबरात सांदण दरी वरून खाली, म्हणजे वरच्या सामरद गावाहून पायथ्याच्या डेहणे गावापर्यंत उतरायचा बेत आहे. सहा जण आहोत. भाचा १९ वर्षांचा, मी आणि बायको पन्नाशीच्या आसपास, बाकीचे अधले-मधले. राजगड, हरिश्चंद्रगड, कळसूबाई असं नेहमीचं फिरणं झालंय, पण दोराला लटकायचा अनुभव कुणालाच नाही. मेव्हणीला उंचीची भीती वाटते आणि सगळ्यात जास्त उत्साही तीच आहे (हे कसं, ते मलाही विचारू नका).

तीन आयोजकांकडून माहिती मागवली. एकाच्या पत्रकात बार्बेक्यू आणि म्युझिक आधी, दोर-हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचा पट्टा) सगळ्यात शेवटी. दुसरा प्रत्येक प्रश्नाला "सर, टेन्शन नका घेऊ" एवढंच म्हणतो. तिसरा नीट बोलतो, पण पैसे जवळपास दुप्पट सांगतो. नावं सुचवा असं म्हणत नाही, जाहिरातबाजी होते. फोनवर काय विचारायचं आणि तिथे गेल्यावर काय बघायचं, तेवढं सांगा.

चहाबाज
म्युझिकवाला बाद. कड्याला आग्या मोहोळं असतात त्या भागात, त्यांना गाणी आवडत नाहीत.
बाकी जाणकार येतीलच. मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

कातळवेडा
नारायणराव, आधी दरी समजून घ्या, मग आयोजक आपोआप कळेल.

सामरद गावातून थोडं चाललं की जमिनीला भेग पडावी तसं दरीचं तोंड येतं. आत शिरलं की मोठमोठे धोंडे, मग पाण्याचे टप्पे. डिसेंबरात पाणी कमरेपर्यंत, कधी त्याहूनही वर असतं आणि चांगलंच गार असतं, कारण दरीच्या तळाला ऊन जेमतेम पोचतं. दोन्ही बाजूंना उभा कातळ, दोनशे फुटांहून उंच. काही जागी दोन माणसं शेजारून जाणं मुश्किल. हे पार केलं की दोराचे टप्पे सुरू होतात. पहिला सगळ्यात मोठा, चाळीस-पंचेचाळीस फुटांचा, पुढचे लहान.

पहिला टप्पा उतरून दोर काढून घेतला की परत वर चढायची सोय नाही. तिथून पुढे फक्त खाली. उरलेले टप्पे, मग धोंड्यांतून न संपणारी उतरण आणि मग कुठेतरी मोकळं. म्हणजे "जायचं की नाही" हा निर्णय पहिल्या टप्प्याच्या वर घ्यायचा असतो. तो कोण घेतो, कशावरून घेतो, एवढं ज्या आयोजकाला सांगता येतं तो माणूस कामाचा. माझा पहिला प्रश्न कायम हाच असतो : शेवटची ट्रिप कधी रद्द केली, किंवा कुठून मागे फिरलात? "आम्ही कधीच रद्द करत नाही" असं अभिमानाने सांगणाऱ्याला नमस्कार करून फोन ठेवायचा.

दुसरा प्रश्न माणसांचा. एका दोरावर नवख्या माणसाला हार्नेस तपासून, धीर देऊन, खाली उतरवून मोकळं करायला पाच मिनिटं धरा. चाळीस जणांची बॅच असेल तर दोनशे मिनिटं. सव्वातीन तासांच्या वर झाले, तेही एकाच टप्प्यावर! उरलेल्यांनी तोवर ओल्या कपड्यात सावलीत कुडकुडत बसायचं. बॅच बारा-पंधराची, दोन दोर समांतर लावलेले आणि प्रत्येक टप्प्यावर वर एक, खाली एक जाणता माणूस, असं असेल तर दिवस सुखाचा जातो. तुमचा महागवाला बहुतेक इथेच महाग पडत असणार.

टेकडी_ते_सुळका
वरच्या हिशोबाला जिवंत पुरावा देतो. आम्ही एका आयोजकाबरोबर शनिवारी गेलो होतो. नाव लिहीत नाही. आमची बॅच पन्नासच्या वर, पुढे आणखी दोन ग्रुप. पहिल्या टप्प्याच्या वरच्या बाजूला मुंबईची लोकल अडकल्यासारखी अवस्था. दुपारी तीनपर्यंत आमच्यातल्या निम्म्यांचा नंबर लागला नव्हता. पुढचे धोंडे आम्ही मोबाइलच्या उजेडात उतरलो, कारण "टॉर्च ऐच्छिक" असं सूचनेत लिहिलं होतं. एका मुलीचा पाय मुरगळला होता, तिला दोघांनी खांद्याचा आधार देत रात्री दहाला खाली आणलं.

आयोजकाचा माणूस शेवटपर्यंत हसतमुख होता, हे मान्य करायला हवं.

शनिवार-रविवार टाळा. एवढंच.

रान_पाखरू
मला कळत नाही, सांदणला गाइड लागतोच कशाला? दोर अडकवायला कातळात बोल्ट मारलेलेच आहेत. आम्ही चौघे आपला दोर घेऊन गेलो, मजेत उतरलो. हे आयोजक लोक उगाच बागुलबुवा उभा करतात. यूट्यूबवर सगळं आहे.

कातळवेडा
@रान_पाखरू, चौघांनाही दोरकाम येत असेल तर जरूर जा, कोण अडवतंय. इथे विचारणाऱ्याने हार्नेस पाहिलेला नाही.

बोल्ट मारलेले आहेत, पण ते कुणी मारले, कधी मारले आणि गेल्या पावसाळ्यात त्यांच्यावरून किती पाणी आणि किती दगड गेले? गंजलेला आहे का, हाताने फिरतोय का, आजूबाजूचा कातळ पोकळ वाजतोय का, हे बघावं लागतं. आधीच्या ग्रुपने सोडून दिलेल्या टेपचे, म्हणजे चपट्या मजबूत पट्टीचे, फास तिथे लटकत असतात. उन्हापावसात रंग उडालेली, कडक झालेली टेप चांगली दिसली तरी तिच्यावर भार टाकायचा नसतो. आणि भार एका बोल्टवर कधीच नाही. किमान दोन वेगवेगळ्या जागा, भार वाटून.

नारायणराव, हे तुम्हाला तिथे उभं राहून बघता येईल. दोर बांधतोय तो माणूस प्रत्येक बोल्टला हात लावतोय का, की दिसला बोल्ट आणि अडकवला कॅराबिनर (दोर अडकवायची झडपेची कडी)? तुमच्यासाठी वेगळा बिलेचा दोर आहे का? म्हणजे ज्यावरून तुम्ही उतरता तो एक, आणि वरून माणसाने धरलेला दुसरा, थेट तुमच्या हार्नेसला. नवख्यांना हा दुसरा दोर हवाच. काही जण फक्त खालून एक माणूस उभा करतात. उतरणाऱ्याचा हात सुटला तर खालचा दोर ओढून धरतो, मग डिसेंडर (हार्नेसला लावलेलं, दोर ज्यातून सरकतो ते उपकरण) आवळतो आणि माणूस जागच्या जागी थांबतो. पद्धत चुकीची नाही, पण खालचा माणूस त्या क्षणी फोटो काढत असेल तर काय? मेव्हणीबाईंसाठी तर वरूनच बिले मागा.

राधाक्का
नारायणभाऊ, मी ५४ व्या वर्षी उतरले आहे, तेव्हा वयाची काळजी सोडा. कातळवेडा मोठं मोठं सांगतात, मी बारीक सांगते.

बायकोला आणि मेव्हणीला सांगा : केसांचा घट्ट अंबाडा घालून हेल्मेटच्या आत. ओढणी, स्कार्फ, लोंबणाऱ्या नाड्या, गळ्यातलं सगळं काढून बॅगेत. आमच्या ग्रुपमधल्या एका मुलाचा ढगळ टी-शर्ट पोटाजवळ डिसेंडरमध्ये ओढला गेला. फिगर ऑफ एट, आठच्या आकाराची धातूची कडी असते ना, दोर त्यातून सरकतो आणि जवळचं कापड बरोबर घेऊन जातो. पोरगा मध्येच लटकला, ना वर ना खाली. हिसके मारायला लागला तसं कापड आणखीच आत. वरच्या गाइडने त्याला शांतपणे सांगितलं, "दादा, हात दोरावरच ठेव, काही करू नकोस." मग बिलेच्या दोराने त्याचा भार तोलून धरला, दुसरा गाइड शेजारच्या दोरावरून त्याच्यापर्यंत उतरला, टी-शर्ट सोडवला आणि दोघं मिळून खाली गेले. कुणी ओरडलं नाही, कुणी धावलं नाही. बिलेचा दोर नसता तर टी-शर्ट कापायची पाळी, आणि भार असलेल्या दोराजवळ चाकू म्हणजे माझ्या तर अंगावर काटा येतो.

बूट : नवे कोरे नकोत. ओल्या दगडावर पकड धरणारा तळवा हवा, घोटा झाकलेला असला तर उत्तम. जीन्स अजिबात नको, भिजली की वाळत नाही आणि गुडघा वाकत नाही. कोरडे कपडे, मोबाइल, औषधं दोन-दोन प्लास्टिक पिशव्यांत. आणि दरीत आडोसा नाही, तेव्हा गावातून निघतानाच काय ते उरकून घ्या. हे कुठल्याच पत्रकात लिहीत नाहीत!

चहाबाज
राधाक्का, शेवटच्या ओळीसाठी +१००. वाचनखूण साठवली.

झुरिचकर
इथे स्वित्झर्लंडमध्ये कॅन्यनिंग (ओढ्याच्या घळीतून खाली उतरत जाणं) केलंय, त्यावरून थोडं.

इथलं सगळं वाहत्या पाण्यात. जाड वेटसूट, डोहात उड्या, नैसर्गिक घसरगुंड्या, मधूनच दोर. सांदण डिसेंबरात त्या मानाने कोरडी, तेव्हा तुलना पूर्ण होत नाही. पण सगळ्यात मोठा धोका दोन्हीकडे एकच : वरच्या अंगाला पडलेला पाऊस. २७ जुलै १९९९ ला इंटरलाकेनजवळ साक्सेटनबाख नावाच्या ओढ्यात एका आयोजकाचे ग्रुप उतरले होते. वरच्या खोऱ्यात वादळी पाऊस झाला, ओढ्याला एकाएकी लोंढा आला आणि २१ जण गेले. त्यातले १८ पर्यटक आणि तीन गाइड. गाइड होते, हेल्मेट होती, वेटसूट होते. ढग दिसत असताना आत शिरायचं नाही, एवढं एकच राहिलं. पुढे खटला चालला आणि २००१ मध्ये सहा जण दोषी ठरले. पैसे घेऊन कॅन्यनिंगला नेणाऱ्यांना परवाना लागेल असा कायदा देशभर लागू व्हायला मात्र २०१४ उजाडलं.

म्हणून कातळवेडा यांच्या पहिल्या प्रश्नाला माझं जोरदार अनुमोदन. इथला आमचा गाइड सकाळी कॉफी पिताना पाऊस दाखवणारा रडार नकाशा उघडून बसला होता आणि आमच्याशी धड बोलतही नव्हता. तेव्हा उद्धट वाटला. नंतर वाटलं, गाइड असा हवा.

रान_पाखरू
डिसेंबरात कुठला आलाय लोंढा? उगाच स्वित्झर्लंड सह्याद्रीत आणू नका.

सामरदकर
राम राम मंडळी. गावचाच आहे, म्हणून लिहितो.

@रान_पाखरू दादा, डिसेंबरात अवकाळी येतो. दरवर्षी नाही येत, पण येतो तेव्हा सांगून येत नाही. आमचा घाटघर-सामरदचा पट्टा म्हणजे नगर जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणतात लोक. कातळाला पाणी मुरत नाही, वर पठारावर पडलं की सगळं दरीच्या तोंडाकडं धावतं. आणि आत निमुळत्या जागेत माणूस पळणार कुठं? दोन्ही बाजूला भिंत. एप्रिल-मे महिन्यात तर दुपारनंतर गडगडाट ठरलेलाच. म्हणून आमची पोरं सकाळी सहाला माणसं आत घेतात. रतनगड ढगात गेला की दोर गुंडाळून माघारी. पाहुणे नाराज होतात, पैसे परत मागतात, मागू द्या. पावसाळ्यात तर दरीत कुणी उतरत नाही, उतरू देतही नाहीत.

दुसरं. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वनखात्याची पावती फाडावी लागते. आयोजकाने पावती घेतली का ते बघा. आणि शहरातला आयोजक असला तरी गावातला एक माणूस बरोबर घेतो का, ते विचारा. खालची वाट धोंड्यांतून जाते, पावसानंतर दरवर्षी थोडी बदलते. दिवाळीनंतर पहिल्यांदा आम्हीच उतरून बघतो कुठला धोंडा हलला, कुठं पाणी किती.

झुरिचकर
@सामरदकर, "पैसे परत मागतात, मागू द्या" हे वाक्य पत्रकात छापून घ्या हो.

वकीलबुवा
कागदाचं मी बोलतो.

राज्य सरकारचं साहसी पर्यटनाचं धोरण २०२१ मध्ये आलं. त्यानुसार अशा ट्रिपा नेणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. नोंदणी प्रमाणपत्र मागा, व्हॉट्सअॅपवर पाठवायला दोन मिनिटं लागतात. "प्रोसेसमध्ये आहे" हे उत्तर मी फार ऐकलंय.

दुसरं, तुमच्याकडून एक फॉर्म भरून घेतील : काही झालं तर सर्वस्वी माझी जबाबदारी. सही करायला हरकत नाही, सगळेच घेतात. पण त्यामुळे आयोजकाचा निष्काळजीपणा माफ होतो असं समजू नका, त्यांनाही समजू देऊ नका. फॉर्ममध्ये आजार, औषधं, रक्तगट, घरच्यांचा नंबर विचारलाय का ते बघा. विचारलं नसेल तर तो फॉर्म त्यांच्यासाठी आहे, तुमच्यासाठी नाही. अपघात विमा आहे म्हणाले तर पॉलिसी पाहा. ट्रेकिंग चालतं पण दोराचे प्रकार वगळलेत, अशा पॉलिसी असतात.

निवांत_नारायण
बापरे, केवढं मिळालं! सगळ्यांचे आभार. दोन शंका.
१. कुणाला काही झालंच तर मदत कुठून? दरीत रेंज नसणार.
२. एक मित्र म्हणतो, सांदण सोड, जुलैत धबधब्यातलं रॅपलिंग (दोराने उतरणं) कर. भिवपुरीजवळ बेकरे, कसाऱ्याजवळ विहीगाव. अर्ध्या दिवसात काम होतं. खरं का?

कातळवेडा
१. रेंज नाही असंच धरून चला. वरच्या बाजूला राजूरचं ग्रामीण रुग्णालय, खाली उतरलात तर शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय. पण मधल्या टप्प्यातून माणूस बाहेर काढायलाच तासन् तास जातात. म्हणून आयोजकाकडे प्रथमोपचार शिकलेला माणूस आणि गरजेला स्ट्रेचर बांधता येईल इतका जादा दोर हवा. महाराष्ट्रातल्या गिर्यारोहकांचं बचाव समन्वय केंद्र आहे, एमएमआरसीसी. त्यांची हेल्पलाइन फोनमध्ये आधीच भरून ठेवा. घरी कुणाला तरी सांगून जा : अमुक वाजेपर्यंत डेहण्यातून फोन आला नाही तर इथे कळवा.

२. मित्र बरोबर आहे, पण धबधबा हे वेगळं प्रकरण. तिथे बेत एकाच टप्प्याचा. उतरलात, झालं, पायवाटेने वर. अडकून पडायची भीती कमी. पण पाण्याचा मार थेट डोक्यावर. तिथे कुणी मध्येच लटकला तर मिनिटांचा खेळ असतो, तोंडावर पाणी कोसळत असतं आणि श्वास घेता येत नाही. म्हणून जाणता गाइड धबधब्यात मुख्य दोर वर गाठ मारून कायमचा बांधत नाही. वरून सोडता येईल असा लावतो. माणूस अडकला की दोरासकट त्याला सरळ खाली सोडायचं. कोरड्या कातळावर स्वतःच्या सुरक्षेसाठी दोराला प्रुसिकची गाठ (भार आला की दोराला घट्ट आवळणारी) लावतात, तीच धबधब्यात घात करू शकते, कारण ती आवळली की माणूस बरोबर पाण्याखाली अडकून बसतो. फोनवर सहज विचारा, "मी धबधब्यात अडकलो तर काय करणार?" "वर ओढून घेऊ" म्हणाला तर फोन ठेवा. कोसळत्या पाण्याखालून ओल्या माणसाला वर ओढणं किती जणांचं काम आहे ते त्याने करून बघितलेलं नाही.

शिवाय जुलैत जिल्हाधिकारी धबधब्यांवर बंदीचे आदेश काढतात, विशेषतः ३० जून २०२४ ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेल्यापासून. जायच्या आदल्या दिवशी आदेश बघा.

राधाक्का
मेव्हणीसाठी एक मधला मार्ग. आधी पुण्या-मुंबईजवळ एखाद्या कोरड्या कातळावर किंवा क्लाइंबिंग वॉलवर अर्धा दिवस रॅपलिंग करून बघा. काठावरून मागे झुकायचा तो एक क्षण असतो ना, पाय कातळाला काटकोनात टेकवून दोरावर बसायचं, तो एकदा जमला की पुढे काही नाही. तो क्षण सांदणमध्ये मागे वीस जण ताटकळत असताना पहिल्यांदा अनुभवू नये.

डोंबिवलीचा_दगड
कारोळी घाटाने परत वर येता येतं ना? आम्ही खाली मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सामरदला वर आलो होतो. गाडी वर ठेवली असेल तर बरं पडतं. नाहीतर डेहण्याहून शहापूर, कसारा, घोटी, शेंडी असा वळसा घालून गाडी आणायची म्हणजे शंभर किलोमीटरच्या वर.

सामरदकर
येता येतं. पण आदल्या दिवशी दमलेले पाय असतात, सकाळी लवकर चढायला लागा. पन्नाशीच्या मंडळींनी खालूनच गाडी ठरवलेली बरी. आसनगाव स्टेशन गाठलं की लोकल आहेच.

निवांत_नारायण
अपडेट. तिघांनाही पुन्हा फोन केले, तुमचे प्रश्न समोर लिहून.

म्युझिकवाला, शेवटची ट्रिप कधी रद्द केली यावर : "आमच्याकडे गॅरंटीड डिपार्चर असतं सर." टेन्शन नका घेऊ वाल्याने नोंदणीचा विषय काढताच पाचशे रुपये कमी केले. तिसऱ्याने मागच्या मोसमातले दोन प्रसंग सांगितले. एकदा ढगांमुळे पहिल्या टप्प्याच्या वरून सगळ्यांना माघारी आणलं आणि अर्धे पैसे परत दिले. एकदा एका पाहुण्याला सकाळी ताप होता म्हणून त्याला गावातच ठेवलं. बॅच बाराची, दोन दोर, वरून बिले, सामरदचा एक माणूस बरोबर. प्रमाणपत्र लगेच पाठवलं. उलट त्यानेच मला विचारलं की तुमच्यातलं कुणी आधी रॅपलिंग केलंय का, आणि नसेल तर महिनाभर आधी एका रविवारी सरावाला या, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

मेव्हणी सरावाला तयार आहे. बायको म्हणते तीच जास्त घाबरलेली आहे, आजवर बोलली नव्हती. ठरलं, डिसेंबरातला बुधवार. मंगळवारी रात्री सामरदला मुक्काम, परतीला डेहण्याहून जीप.

रान_पाखरू
एवढे पैसे देऊन बुधवारी सुट्टी टाकून जाणार! शुभेच्छा. बोल्ट मात्र बघा हो हात लावून, कातळवेडा म्हणतात ते त्या बाबतीत खरं आहे.

चहाबाज
अखेर पाखरू कातळावर टेकलं.
नारायणराव, फोटोसकट वृत्तांत येऊ द्या.

सामरदकर
नारायण काका, मंगळवारी रात्री नऊच्या आत गावात पोचा. शेंडीच्या पुढं अंधारात रस्त्यावर गुरं बसलेली असतात, गाडी सावकाश. जेवायला किती जण आणि शाकाहारी किती, ते दोन दिवस आधी कळवा. सकाळी पाचला चहा, साडेपाचला पोहे, सहाला दरीच्या तोंडाशी. आणि थंडी असते, अंथरूण-पांघरूण गावात मिळेल, पण स्वेटर आपापले आणा.